प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला यांचें चरित्र

पुण्यास मुळा व मुठा या नद्यांचा जेथें संगम होतो, त्याच्या जवळच इंजिनियरिंग कॉलेजाचें आवार आहे. आज त्या रस्त्यानें जाणाऱ्या मनुष्यास, येथें एके काळीं सूर्य व तारे यांचे वेध घेणारी शाळा होती असें सांगितलें तर तें त्यास खरें वाटणार नाहीं. परंतु १८८८ पासून १९१२ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षें, कॉलेजाच्या त्या संस्थेंत एक वेधशाळा चालली होती, आणि तेथील दुर्बीण त्या काळीं हिंदुस्थानांत सर्वांत मोठी गणली जात असे. ज्यांनीं ती वेधशाळा उभारली, ज्यांनीं ती चालविली, व ज्यांच्या निवृत्तीबरोबरच ती मोडून टाकण्यांत आली, त्या प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे. ज्योतिःशास्त्रज्ञांच्या मंडळांत हें नांव सुप्रसिद्ध आहे. खेड्यापाड्यांतून मात्र तें फारसें कोणाच्या कानीं गेलेलें नाहीं.

कावसजी यांचा जन्म १८५७ सालीं एका पारशी घराण्यांत झाला. मुंबई युनिव्हर्सिटीची स्थापनाही त्याच सालची. तेव्हां ते व ती समवयस्कच म्हणावयाचीं. त्यांचें उच्च शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत झालें. पदार्थविज्ञान व रसायन हे विषय घेऊन ते १८७८ मध्यें एम. ए. ची परीक्षा उतरले, आणि चान्सेलरचें सुवर्णपदक त्यांस मिळालें. त्या दिवसांत अशा हुशार तरुणापुढें दोन वाटा सहज मोकळ्या असत. एक वकिलीची व दुसरी सरकारी अंमलदारीची. दोहोंतही पैसा होता आणि मान होता. कावसजींनीं तिसरी वाट धरिली, आणि १८८२ मध्यें ते एल्फिन्स्टन कॉलेजांतच प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे व्याख्याते झाले. हिंदी मनुष्यानें पाश्चात्य शास्त्र शिकावें हें एव्हांना लोकांस पटलें होतें. परंतु त्यानें त्या शास्त्रांत आपली स्वतःची भर घालावी, ही कल्पना फारच थोड्यांच्या डोक्यांत आली होती. कॉलेजांतील यंत्रें विद्यार्थ्यांस दाखविण्यापुरतीं. शोध लावावयाचे ते विलायतेंत, असा सर्वत्र समज होता.

त्यांचें मन ज्या विद्येवर जडलें तिची ओळख येथें थोडक्यांत करून दिली पाहिजे, नाहीं तर पुढील हकीकत समजणार नाहीं. झुंबराच्या तिधारी लोलकांतून सूर्याचा किरण गेला म्हणजे भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा पडतो, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. या पट्ट्यास वर्णपट म्हणतात. किरण बारीक फटींतून आणून तो पट चांगल्या भिंगांतून पाहिला, तर त्यांत शेंकडों बारीक काळ्या रेषा दिसतात. जर्मन भिंगकार फ्राउनहोफर यानें १८१४ च्या सुमारास त्या रेषा मोजून ठेविल्या, पण त्यांचा अर्थ त्यास लागला नाहीं. तो अर्थ १८५९ मध्यें किर्खोफ व बुन्सेन या दोघांनीं लाविला. चुलीच्या जाळावर चिमूटभर मीठ टाकलें असतां ज्वाला पिवळी होते. दिवाळींत ज्या रंगीत काड्या जाळतात त्यांपैकीं हिरवीचा रंग एका धातूचा व तांबडीचा दुसऱ्या धातूचा असतो. प्रत्येक मूलद्रव्य तापून वायुरूप झालें म्हणजे ठराविक रंगाचाच प्रकाश देतें, आणि त्याच्या रेषा वर्णपटांत ठराविक जागींच पडतात. माणसाच्या अंगठ्याचा ठसा जसा दुसऱ्याशीं जुळत नाहीं, तसें एका द्रव्याचें रेषांचें चिन्ह दुसऱ्याशीं जुळत नाहीं. तेव्हां सूर्याचा वर्णपट वाचतां आला म्हणजे, कोटीकोटी मैल दूर असलेल्या त्या गोलांत लोखंड आहे, मिठांतील धातू आहे, चुन्यांतील धातू आहे, हें पृथ्वीवर बसून सांगतां येतें. कावसजींच्या तरुणपणीं ही विद्या अवघी वीस पंचवीस वर्षांची होती.

१८८२ मध्यें भावनगरचे महाराज तख्तसिंहजी मुंबईस आले असतां त्यांनीं एल्फिन्स्टन कॉलेजांत या विद्येची प्रयोगशाळा निघावी म्हणून पांच हजार रुपये दिले. मुंबई सरकारनें तितकीच रक्कम आपल्याकडून घातली. आज दहा हजार रुपये हा आंकडा ऐकून कोणास विशेष वाटणार नाहीं, परंतु त्या काळीं शाळेच्या मास्तराचा पगार महिना दहा पंधरा रुपये असे, हें लक्षांत घ्यावें. यंत्रें खरेदी करण्यासाठीं कावसजी १८८४ मध्यें इंग्लंडास गेले. तेथें राजज्योतिषी क्रिस्टी व सूर्यशास्त्रांत अग्रगण्य असलेले नॉर्मन लॉक्यर यांची त्यांनीं गांठ घेतली. त्या दोघांनीं सल्ला दिला कीं, नुसती प्रयोगशाळा काढण्यापेक्षां आकाशांतील तेजोगोलांच्याच प्रकाशाचें पृथक्करण करणारी वेधशाळा काढावी. हिंदुस्थानासारखें स्वच्छ आकाश इंग्लंडांत मिळत नाहीं, तेव्हां असें काम तिकडे होण्याची फार आवश्यकता आहे. कावसजींनीं तो सल्ला मानला, आणि ज्या कामासाठीं गेले होते त्याहून पुष्कळ मोठें काम अंगावर घेऊन ते परत आले.

आतां जागेचा प्रश्न आला. मुंबईची हवा समुद्रकांठची, दमट व धुरकट. अशा यंत्रांतील आरसा म्हणजे कांचेच्या वाटोळ्या तबकडीवर चांदीचा अत्यंत पातळ मुलामा दिलेला असतो, आणि ओलसर हवेंत तो मुलामा लवकर काळा पडतो. म्हणून घाटावरील पुणें शहर पसंत करण्यांत आलें, व १८८५ मध्यें कावसजींची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें झाली. मुंबईहून पुण्यास जाणारी आगगाडी १८६३ पासून बोरघाट चढून जात होती. आमच्या मोरिवलीच्या बाजूनें, अंबरनाथ व बदलापूर यांवरून जो लोहमार्ग पुढें कर्जतेकडे जातो तोच हा. विलायतेहून आलेलें जड सामान घाटावर नेण्यास याहून सोयीची वाट नव्हती. ज्यानें आषाढांत बदलापुराचा पाऊस पाहिला आहे व त्याच दिवशीं खंडाळ्यापलीकडे उतरून पुण्याची कोरडी हवा अंगावर घेतली आहे, त्यास वेधशाळेसाठीं घाटमाथ्याच्या पलीकडची जागा कां निवडली हें निराळें सांगावयास नको. तरीही पुण्याचें आकाश पावसाळ्याचे चार महिने झांकलेलेंच असे, आणि तितके दिवस काम बंद पडे.

दुर्बीण डब्लिन येथील ग्रब या प्रख्यात कारागिराच्या कारखान्यांत तयार झाली. तिच्या पुढें बसविलेल्या आरशाचा व्यास वीस इंच होता. तिच्याशिवाय वर्णपट पाहण्याचीं, त्याचें छायाचित्र घेण्याचीं व सूर्याचा किरण एकाच दिशेस स्थिर ठेवण्याचीं यंत्रें हळूहळू गोळा झालीं. १८८८ मध्यें काम सुरू झालें, आणि दात्याच्या स्मरणार्थ तिला महाराज तख्तसिंहजी वेधशाळा हें नांव मिळालें. वेधशाळा म्हटल्यावर अनेक ज्योतिषी, कारकून व मदतनीस यांचा परिवार वाचकांच्या डोळ्यांपुढें उभा राहील. तसें कांहीं नव्हतें. कावसजी दिवसा कॉलेजांत शिकवीत, आणि वेधशाळेचा मुख्य भार त्यांच्या एकट्याच्या शिरावर असे. सूर्याचें काम दिवसा, ताऱ्यांचें काम रात्रीं. अशा स्थितींत एका मनुष्यास किती झोप मिळत असेल याचा विचार करावा.

लौकरच एक असा प्रसंग आला कीं, त्यांत त्यांच्या खरेपणाची परीक्षा झाली. आमच्या शेतकऱ्यांस मृग नक्षत्र चांगलें ठाऊक आहे. त्याच्या चार ताऱ्यांच्या चौकोनांत एका ओळींत तीन तारे असतात, त्यांस मृगाचा बाण म्हणतात. त्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस अंधुक धुरासारखा एक ठिपका दिसतो. ही मोठी तेजोमेघ आहे. तिच्या प्रकाशाचें पृथक्करण केलें असतां हिरव्या भागांत एक ठळक रेषा दिसते. ती कोणत्या द्रव्याची, यावरून त्या वेळीं युरोपांत मोठा वाद माजला होता. लॉक्यर यांचें म्हणणें असें कीं, आकाशांतील सर्व तेजोगोल उल्कांच्या दगडांच्या समुदायापासून झालेले आहेत. ते दगड एकमेकांवर आदळून तापतात. त्यांतील मॅग्नेशियम धातूचा जो प्रकाश बाहेर पडतो त्याचाच ही हिरवी रेषा अवशेष आहे. हें खरें असतें तर ती रेषा एका बाजूस पसरट, पुसट होत गेलेली दिसावयास पाहिजे होती. दुसरे मोठे ज्योतिषी हगिन्स यांस हें मुळींच मान्य नव्हतें.

पुण्यास बसलेल्या या शिक्षकानें आपली दुर्बीण मृगाकडे लाविली आणि रेषा पुनःपुनः तपासली. ती बारीक, धारदार व दोन्ही बाजूंस सारखी होती. फट रुंद केली, अरुंद केली, यंत्राची शक्ति कमीजास्त केली, तरी तिच्या स्वरूपांत फरक पडेना. हा निष्कर्ष त्यांनीं १८९१ मध्यें लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकांत प्रसिद्ध केला. लॉक्यर हे त्यांस वाट दाखविणारे. त्यांच्याच सल्ल्यानें वेधशाळेचा आराखडा ठरलेला. त्यांचें वजन सरकारदरबारीं मोठें. असें असतां त्यांच्या आवडत्या मताविरुद्ध जाणारी साक्ष कावसजींनीं दिली. त्यांनीं वादविवाद केला नाहीं, दूषण दिलें नाहीं. डोळ्यांस दिसलें तें मांडलें. पुढें १९२७ मध्यें अमेरिकेंतील बोवेन यांनीं सिद्ध केलें कीं, ती हिरवी रेषा अत्यंत विरळ अशा प्राणवायूची आहे. मॅग्नेशियमचा तिच्याशीं कांहीं संबंध नाहीं. आमच्या मतें कावसजींच्या सर्व कामांत हें काम सर्वांत मोलाचें होय, जरी लोकांनीं त्यांस पुढील ग्रहणामुळेंच जास्त ओळखलें.

येथें एक गोष्ट सहज आठवते. ज्या पुण्यांत कावसजी ताऱ्यांचा प्रकाश पाहत होते, त्याच पुण्यांत शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शिक्षक आपल्या देशांतील जुन्या ज्योतिषाचा इतिहास लिहीत होते. त्यांचा मोठा ग्रंथ १८९६ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांच्या आधींच्या पिढींत केरो लक्ष्मण छत्रे यांनीं ग्रहगणिताचीं कोष्टकें मराठींत आणलीं होतीं. ग्रह कोठें आहे हें गणितानें काढण्याची विद्या पुण्यास नवी नव्हती. तारा कशाचा झालेला आहे हें प्रकाशावरून काढण्याची विद्या मात्र नवी होती, आणि ती एका आवाराच्या भिंतींच्या आंतच राहिली. मराठींत ती उतरविणारा कोणी त्या वेळीं पुढें आला नाहीं, ही खेदाची गोष्ट होय.

आतां ग्रहणाची हकीकत. १८९८ च्या जानेवारीच्या २२ तारखेस सूर्याचें खग्रास ग्रहण होणार होतें, आणि चंद्राची छाया कोंकणच्या किनाऱ्यावर विजयदुर्गाजवळ चढून सोलापूर जिल्हा, वऱ्हाड व मध्यप्रांत यांवरून ईशान्येकडे जाणार होती. खग्रास ग्रहण एकाच गांवीं पुनः दिसण्यास बहुधा शेंकडों वर्षें लागतात. येथें तर तें आगगाडीच्या स्टेशनांवरून, कोरड्या ऋतूंत, भर दुपारीं दिसणार होतें. दूरदूरच्या देशांतून ज्योतिषी आले. लॉक्यर स्वतः विजयदुर्गास उतरले. राजज्योतिषी क्रिस्टी रेवा संस्थानांत शहडोल येथें गेले, दुसरी इंग्रज मंडळी वऱ्हाडाच्या सीमेवर पुलगांवीं, आणखी कांहीं तळणीस. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांनीं चाळीस फूट लांबीचें छायालेखन यंत्र घेऊन सोलापूर जिल्ह्यांतील करमाळें तालुक्यांत जेऊर स्टेशनाजवळ तळ दिला. याच जेऊरास कावसजी पुण्याहून आपलीं यंत्रें व मदतीस आलेली मंडळी घेऊन गेले.

तो काळ सुखाचा नव्हता. १८९६ च्या दुष्काळानें त्या भागांतील लोक खंगून गेले होते. पुण्यास प्लेग होता. १८९७ च्या जून महिन्यांत तेथें रँडसाहेबांचा खून झाला होता, आणि शहरांत संशयाचें व भयाचें वातावरण होतें. अशा वेळीं कांचेच्या व पितळेच्या पेट्या घेऊन माळावर तंबू ठोकणाऱ्यांकडे खेडुतांनीं कोणत्या नजरेनें पाहिलें असेल याची कल्पना करवते. ग्रहण म्हणजे अरिष्ट, गर्भिणीनें बाहेर पडूं नये, शिजलेलें अन्न टाकावें, असे समज त्या काळीं घरोघर होते. ते अजूनही सगळे गेलेले नाहींत. ग्रहण म्हणजे चंद्र पृथ्वी व सूर्य यांच्या मध्यें आल्यानें पडणारी सांवली. तीपासून पोटांतील मुलास अगर तांदळाच्या भांड्यास अपाय होत नाहीं. अपाय होतो तो उघड्या डोळ्यांनीं सूर्याकडे टक लावून पाहणाऱ्याच्या डोळ्यांस. काजळी धरलेल्या कांचेनेंही तो टळत नाहीं, हें मुलांस अवश्य सांगावें.

कावसजींस काय पाहावयाचें होतें? सूर्याचें जें तेजस्वी बिंब आपणांस दिसतें त्याच्या भोंवतीं पातळ वायूचा एक थर आहे, आणि त्याच्याही बाहेर दूरवर पसरलेलें शुभ्र प्रभामंडल आहे. एरवीं बिंबाच्या तेजापुढें हीं दोन्ही दिसत नाहींत. चंद्रानें बिंब पुरतें झांकलें कीं त्या क्षणीं पातळ थर उघडा पडतो, आणि वर्णपटांतील ज्या रेषा सदा काळ्या असतात त्या एकाएकीं चकाकत्या होतात. ही चमक एक दोन सेकंदच टिकते. १८७० मध्यें ती प्रथम डोळ्यांनीं पाहिली गेली, आणि तिचें पहिलें छायाचित्र १८९६ मध्यें उत्तर ध्रुवाकडील नोवाया झेम्ल्या बेटावर मिळालें. म्हणजे जेऊरची मंडळी जें पकडावयास बसली होती, त्याचें चित्र त्यापूर्वीं जगांत नुकतेंच कोठें मिळालेलें होतें. त्यानंतर प्रभामंडलाचा वर्णपट घ्यावयाचा. या सर्वांस मिळून सुमारें दोन मिनिटें.

दोन मिनिटांसाठीं अनेक दिवस तालीम करावी लागते. एकानें घड्याळाकडे पाहून सेकंद मोठ्यानें मोजावयाचे. दुसऱ्यानें झांकण उघडावयाचें व मिटावयाचें. तिसऱ्यानें कांचेच्या पट्ट्या बदलावयाच्या. ज्याच्या हातीं जें काम दिलें असेल त्यानें तेंच करावयाचें, आणि इतका दुर्लभ देखावा डोक्यावर चालला असतां मान वर करावयाची नाहीं. एकाचा हात थरथरला तर वर्षाची तयारी फुकट. ढग आला तर सर्वांचीच फुकट. त्या दिवशीं मात्र आकाश सर्वत्र निरभ्र राहिलें, आणि जेऊरास कावसजींच्या यंत्रांनीं आपलें काम केलें. पट्ट्यांवरील रेषा मोजण्याचें काम ग्रहणाहून पुष्कळ लांब चाललें. त्यांचा अहवाल वेधशाळेच्या ग्रंथमालेचा पहिला भाग म्हणून १९०२ मध्यें छापला गेला. चार वर्षांचा विलंब कित्येकांस अधिक वाटेल. शिकविण्याचें काम संभाळून, मदतनीस नसतां, एकेक रेषेची जागा सूक्ष्मदर्शकाखालीं ठरवावयाची म्हणजे काय हें ज्यांनीं केलें आहे तेच जाणोत.

विजयदुर्गाविषयीं लोकांत एक चुकीची गोष्ट पसरलेली आहे, ती येथेंच दुरुस्त करून ठेवतों. हेलियम नांवाचा वायु लॉक्यर यांनीं १८६८ मध्यें विजयदुर्गाच्या किल्ल्यावरून ग्रहण पाहतांना शोधून काढला, असें पुष्कळदां सांगतात. १८६८ च्या ऑगस्टांतील ग्रहण हिंदुस्थानांत दिसलें हें खरें. तें पाहण्यास फ्रेंच ज्योतिषी जॅन्सेन गुंटूर येथें व इंग्रज मंडळी गुंटूर, जमखिंडी वगैरे ठिकाणीं होती. परंतु लॉक्यर त्या वेळीं इंग्लंडांतच होते. त्यांनीं त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत ग्रहण नसतांना सूर्याच्या कडेवरील ज्वाला वर्णपटदर्शकानें पाहिल्या, आणि तींत दिसलेल्या पिवळ्या रेषेवरून नव्या वायूचें अनुमान निघालें. १८९५ मध्यें रॅमसे यांस तो वायु पृथ्वीवरही सांपडला. लॉक्यर विजयदुर्गास आले ते त्यानंतर, १८९८ च्या ग्रहणासाठीं. किल्ल्यांत ज्यांस साहेबाचे कट्टे म्हणतात ते त्याच वेळचे. विजयदुर्गाचा मान यानें कमी होत नाहीं, परंतु गोष्ट सांगावी ती खरी सांगावी.

इकडे सरकारच्या मनांत सूर्याविषयीं निराळाच विचार चालला होता. १८७६ ते १८७८ या वर्षांत दक्षिणेंत जो भयंकर दुष्काळ पडला, त्यांत लाखों लोक अन्नावांचून मेले. त्या सुमारास लॉक्यर वगैरे विद्वानांस असें वाटूं लागलें कीं, सूर्यावरील डाग सुमारें अकरा वर्षांच्या अंतरानें वाढतात व घटतात, त्यांचा पावसाशीं संबंध असावा; तो संबंध कळला तर दुष्काळ आधींच ओळखतां येईल. १८८० च्या दुष्काळ कमिशननें सूर्याच्या नियमित वेधांची शिफारस केली. या आशेचें फळ म्हणजे मद्रास इलाख्यांत पळणी डोंगरावर कोडाईकनाल येथें स्थापन झालेली सूर्यवेधशाळा. ती १८९९ मध्यें सुरू झाली. आज आपणांस कळून आलें आहे कीं, डागांवरून आपल्या पावसाचें भविष्य भरंवशानें सांगतां येत नाहीं. पावसाच्या कमीजास्तपणाचा संबंध दूरच्या पॅसिफिक महासागराच्या उष्णतेशीं अधिक आहे. तरी भुकेल्या माणसांच्या चिंतेंतून निघालेल्या त्या वेधशाळेनें सूर्यासंबंधीं अपार माहिती गोळा केली. तेथें १९०९ मध्यें एव्हरशेड यांनीं डागांतून वायु बाहेरच्या बाजूस वाहतो हा शोध लाविला, आणि तेथें शंभराहून अधिक वर्षें घेतलेलीं सूर्याचीं चित्रें आजही जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात.

परंतु देशांत एक मोठी सरकारी सूर्यवेधशाळा झाल्यावर पुण्याच्या लहान वेधशाळेचें काय, हा प्रश्न उभा राहिला. १९११ मध्यें कॉलेज ऑफ सायन्सचें कॉलेज ऑफ इंजिनियरिंग झालें. शुद्ध शास्त्रास तेथें पूर्वीची जागा राहिली नाहीं. १९१२ मध्यें कावसजी निवृत्त झाले, व त्यांच्याबरोबरच वेधशाळाही बंद करण्यांत आली. दुर्बीण, आरसे, लोलक सगळें पेट्यांत भरून कोडाईकनालास पाठविण्यांत आलें.

या निकालाविषयीं दोन मतें होऊं शकतात. कोडाईकनाल समुद्रसपाटीपासून साडेसात हजार फुटांहून उंच. तेथील हवा पुण्याहून विरळ व स्वच्छ. तेथें पगारी ज्योतिषी होते. यंत्रें गंजत पडण्यापेक्षां कामाच्या जागीं गेलेलीं बरीं, असें कोणी म्हणेल तर त्यास उत्तर देणें कठीण आहे. परंतु चोवीस वर्षांत कावसजींच्या हाताखालीं एक दोन तरुण त्या कामांत तयार करून त्यांस कायमची जागा देण्याची तरतूद जर झाली असती, तर १९१२ मध्यें पेट्या भरण्याची वेळ आली नसती. त्यांच्यामागें यंत्रें राहिलीं, अहवाल राहिला, पण त्यांच्या जागीं बसणारा मनुष्य राहिला नाहीं. यांत दोष कावसजींचा किती व ज्यांच्या हातीं पैसा होता त्यांचा किती, हें वाचकांनीं ठरवावें. आमचा कल दुसऱ्या पक्षास जास्त दोष देण्याकडे आहे. जो मनुष्य दिवसा वर्ग घेतो व रात्रीं दुर्बिणीपाशीं बसतो, त्यानें शिष्यशाखाही वाढवावी ही अपेक्षा अंमळ जास्त होते.

निवृत्तीनंतर कावसजी आणखी सव्वीस वर्षें जगले, व १९३८ मध्यें त्यांचा अंत झाला. वीस इंची दुर्बिणीस कोडाईकनालासही भावनगर दुर्बीण हेंच नांव राहिलें. देणाऱ्याचें नांव टिकलें, वापरणाऱ्याचें लोपलें. त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत, १९३९ ते १९४१ च्या दरम्यान, ग्रोट्रियन व एडलेन या दोघांनीं प्रभामंडलाच्या वर्णपटांतील एका जुन्या कोड्याचा उलगडा केला. त्यांत एक हिरवी रेषा असते, व ती पृथ्वीवर नसलेल्या एखाद्या नव्याच द्रव्याची असावी असें जेऊरच्या काळचे विद्वान समजत. ती साध्या लोखंडाचीच निघाली. मात्र तें लोखंड दहा लाख अंशांहून अधिक तापलेलें. सूर्याचा पृष्ठभाग साडेपांच हजार अंशांच्या आसपास असतां त्याच्या बाहेरचें मंडल इतकें कसें तापतें, याचें पुरतें उत्तर अजून मिळालेलें नाहीं.

त्या उत्तराचा शोध घेण्यासाठीं २ सप्टेंबर २०२३ रोजीं भारतानें आदित्य एल १ नांवाचें यान अवकाशांत सोडलें. तें ६ जानेवारी २०२४ रोजीं पृथ्वीपासून सुमारें पंधरा लक्ष किलोमीटरांवर, सूर्याच्या दिशेस, आपल्या नेमल्या जागीं पोंचलें. त्यावरील एका यंत्रांत सूर्याच्या बिंबाचा प्रकाश वगळला जातो, म्हणजे तेथें वाटेल तितका वेळ ग्रहण लागलेलें असतें, व जेऊरच्या दोन मिनिटांची गरज उरत नाहीं. हें यंत्र बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेनें तयार केलें. कोडाईकनालची वेधशाळा आतां त्याच संस्थेकडे आहे. दुसरें एक यंत्र सूर्याच्या पूर्ण बिंबाचीं चित्रें डोळ्यांस न दिसणाऱ्या अतिनील किरणांत घेतें. तें पुण्यास, १९८८ मध्यें स्थापन झालेल्या आयुका या ज्योतिःशास्त्राच्या संस्थेच्या देखरेखीखालीं तयार झालें. गणेशखिंडींतील ती संस्था संगमाजवळच्या कॉलेजापासून फार तर तासाभराच्या पायवाटेवर आहे.